बाबांचा डालड्याचा डबा आणि फियाटचे बोल्ट

२०१३ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. रायबंदरच्या आमच्या घरी मी सोप्यावर एकटाच बसलो होतो. समोर अंगणात बाबांची फियाट उभी. दोन वर्षं खपून ती मी पुन्हा उभी केली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाडीतून सगळ्यांनी कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला जायचं ठरलं होतं. मुलगी, जावई, चार वर्षांची नात, सगळी मुद्दाम आली होती. तेवढ्यात अंगणातून 'टक्' असा आवाज आला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. मांजराने काहीतरी पाडलं असेल म्हणून मी उठलोही नाही.

सकाळी गाडीवर हार घालायला गेलो तर पुढच्या चाकाजवळ जमिनीवर पिवळसर चकाकणारं काहीतरी पडलेलं. उचललं, तर बोल्टचं डोकं. बोनेट उघडून पाहिलं. स्टिअरिंगची पेटी ज्या बोल्टांनी बॉडीला धरलेली असते, त्यातल्या एकाचं डोकं साफ उडालं होतं. गाडी तीन दिवस जागची हललीसुद्धा नव्हती. बोल्ट नवाकोरा, बाजारात मिळतो त्यातला सगळ्यात मजबूत. गंजाचा एक ठिपका त्यावर नाही. आणि तो आपण होऊन, मध्यरात्री, कोणी हात न लावता तुटला होता.

आम्ही कवळ्याला गेलो ते टॅक्सीने. वाटेत बाणस्तारीच्या पुलावर मी काही बोललो नाही, पण डोक्यात एकच विचार. हा बोल्ट बारा तास उशिरा, म्हार्दोळच्या चढावर तुटला असता तर?

हे का झालं, ते समजून घ्यायला मला पुढे दोन-तीन वर्षं लागली. मी कॉमर्सचा माणूस, सदतीस वर्षं बँकेत आकडे पाहिले. लोखंडाशी संबंध आला तो तिजोरीच्या दरवाजापुरता. तेव्हा जे कळलं ते उशिरा आणि तुकड्यातुकड्याने कळलं, तसंच सांगतो.

गाडी १९६६ ची, फियाट ११०० डिलाइट, मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली. बाबांनी ती १९७२ मध्ये बेळगावच्या एका वकिलांकडून जुनी म्हणून घेतली. बेळगावची गाडी म्हणून त्यांनी पत्रा पाहिलाच नाही म्हणायचे; तिथली हवा कोरडी, गाडी खणखणीत. चोर्ल्याचा घाट तेव्हा आजच्यासारखा नव्हता, अनमोडमार्गे गाडी घरी आली. आल्या दिवशीच शेजारच्यांनी बाबांना सांगितलं, गाडी चांगली आहे पण नदीकाठी फार दिवस राहायची नाही.

आमचं घर मांडवीच्या काठी. ज्यांनी पणजी-रायबंदरचा तो लांबलचक, सतराव्या शतकातला बांध पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, त्याच्या कडेला मिठागरं आहेत. भरतीचं पाणी आमच्या पायरीपर्यंत खारट. चोडणला जायचं तर गाडी फेरीबोटीत घालायची, म्हणजे पुन्हा तळाला खारं पाणी. वर गोव्याचा पाऊस, वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, त्यातला बहुतेक चार महिन्यांत.

आम्ही कॉलेजात घसारा दोन पद्धतींनी काढायला शिकलो. एक सरळ रेषेची पद्धत, दरवर्षी सारखी रक्कम. दुसरी ऱ्हासमान शेष पद्धत, आधी जास्त आणि मग कमी कमी. गंज दोन्हीत बसत नाही. तो हवेतल्या ओलाव्यावर चालतो. १९३० च्या आसपास व्हर्नन नावाच्या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने दाखवलं की लोखंडाला एक उंबरठा असतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर गंज जवळजवळ झोपलेला असतो. उंबरठा ओलांडला की तो झपाट्याने वाढतो. आता यात मीठ घाला. स्वच्छ मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाणी सोडू लागतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचा क्षार असतो, तो ३३-३४ टक्क्यांनाच हवेतलं पाणी ओढून ओला होतो. आगरातलं खडं मीठ बरणीत कसं पाणावतं ते आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. तेच बोल्टच्या आट्यांत होतं. बाहेर ऊन पडलेलं असतं आणि आट्यांत बसलेलं मीठ लोखंडाला ओलं ठेवत असतं. बोल्ट पत्र्याच्या आधी का गंजतो याचं उत्तर इथे आहे. पत्रा वाळतो, आटे वाळत नाहीत. शिवाय गंज लोखंडापेक्षा जागा जास्त घेतो, दुपटीहून अधिक, कधी सहापटीपर्यंत. म्हणून नट बोल्टला असा आवळून धरतो की पान्याला पाइप लावून फिरवलं तर नट सुटत नाही, बोल्टच पिळवटून तुटतो.

या किनाऱ्यावरच्या लोकांना हे फार पूर्वीपासून माहीत असावं असं मला वाटतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणि अरबी समुद्रात शेकडो वर्षं जहाजं खिळे न ठोकता, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधत. मार्को पोलोने होर्मुझला अशी जहाजं पाहून नाक मुरडलं होतं. ती का शिवत याची कारणं विद्वान वेगवेगळी देतात. लवचीकपणा हे एक, लोखंड महाग हे दुसरं. पण खाऱ्या पाण्यात खिळा किती टिकतो, हे ज्याने पाहिलंय त्याला शिवण वेडगळपणाची वाटणार नाही. गोव्यात तशाच शिवणीने बांधलेलं 'कौंडिण्य' २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं तेव्हा मी टीव्हीसमोरून उठलो नव्हतो.

मोटारगाडी मात्र शिवता येत नाही.

तर बाबांनी काय केलं? आमच्या घरी मे महिन्यात पुरुमेंताची धांदल. सुकी मासळी शेजारी, आमच्याकडे तांदूळ, मिरच्या, चिंचेचे गोळे, सोलं, पापड. त्या यादीत १९७३ पासून गाडी आली. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक रविवार गाडीचा. बाबांच्या जमाखर्चाच्या वह्या माझ्याकडे आहेत. दरवर्षी एक ओळ सापडते: 'गाडी तेलपाणी, मेस्त', पुढे रक्कम. पहिल्या वर्षी १५ रुपये. १९९६ मध्ये, म्हणजे गाडी शेवटची चालली त्या वर्षी, २५० रुपये. चोवीस वर्षांत एकही मे चुकलेला नाही. आई आजारी होती त्या वर्षीसुद्धा नाही.

मेस्त म्हणजे आमच्याकडे कसबी कारागीर. हा मेस्त १९६१ च्या आधी, पोर्तुगीज अमलात, मडगावला एका गॅरेजमध्ये पोर म्हणून लागला. तेव्हा गोव्यात परदेशी गाड्या सहज येत, त्यामुळे त्याने लहानपणीच जर्मन, इटालियन, इंग्रज, सगळ्या गाड्यांची आतडी पाहिली. मुक्तीनंतर तो खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या दुरुस्तीत गेला, नदीपलीकडच्या यार्डात. रविवारी गाड्या बघायचा.

तो आधी गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवायचा. विहिरीचं पाणी, बादल्यांनी. मग दोन दिवस उन्हात वाळू द्यायचा. मगच तेल. आम्हा मुलांना वाटे, तेल लावायचं तर आधी धुवायचं कशाला? पण मीठ आत ठेवून वरून तेल लावलं तर मीठच जपल्यासारखं होतं. गंजलेले सुटे बोल्ट तो बिंबलाच्या रसात रात्रभर टाकायचा. आमच्या परसात बिंबलाचं झाड होतं, खोडाला लगडलेली आंबट फळं. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते गंज विरघळवतं. सकाळी बोल्ट काढून सोड्याच्या पाण्यात बुचकळायचे आणि लगेच चुलीजवळ वाळवायचे, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस झाक येते. मग ग्रीस आणि मेण वितळवून केलेलं मलम आट्यांत भरायचं. तळाला मात्र बाबा जळकं ऑइल मारायला लावत, फुकटात मिळे म्हणून. ते काही बरोबर नव्हतं. इंजिनातून निघालेल्या तेलात आम्लं साठलेली असतात, आणि अंगाला लागणं तर वाईटच. मेस्त नाही म्हणायचा, बाबा ऐकत नसत. नसण्यापेक्षा बरं, एवढंच त्या तेलाबद्दल म्हणता येईल.

एकदा, मी विशीत असेन, बाबांनी बाजारातून पितळेचे चकचकीत स्क्रू आणले, पितळ गंजत नाही म्हणून. मेस्ताने ते परत केले. म्हणाला, "बाब, शेजारी पळोवन दी." म्हणजे शेजारी बघून दे. मग त्याने आम्हाला यार्डात नेलं. डॉकवर चढवलेल्या बार्जीच्या पोटाला, पंख्याच्या आसपास, जस्ताच्या वड्या बोल्टाने बसवलेल्या होत्या. नव्या वड्या साबणाच्या वडीसारख्या नितळ, जुन्या अळीने खाल्लेल्या पानासारख्या. त्यांच्या भोवतीचं पोलाद धड. पंखा पितळेच्या जातीचा, बॉडी पोलादाची, दोघं खाऱ्या पाण्यात शेजारी. त्यात पोलाद मरतं. म्हणून तिसरा ठेवायचा, जो पोलादाच्या आधी मरेल. मला तेव्हा ती गंमत वाटली. परीक्षा होती, मी घरी गेलो.

या गोष्टीचा इतिहास मी निवृत्तीनंतर वाचला. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने 'अलार्म' नावाच्या लढाऊ जहाजाच्या पोटाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यापासून बचाव म्हणून. जहाज वेस्ट इंडीजला जाऊन आलं. १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा किड्याने लाकडाला हात लावला नव्हता, पण तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे आणि बोल्ट खाऊन गेलेले. काही खिळे मात्र शाबूत. का? पत्रे कारखान्यातून तपकिरी कागदात गुंडाळून आले होते आणि घाईत काही ठिकाणी कागद काढायचा राहिला होता. जिथे लोखंड आणि तांबं यांच्यामध्ये कागद अडकला तिथे लोखंड वाचलं. इतका साधा धडा, पण त्याचं कारण कळायला साठ वर्षं लागली. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले तर तांबं झिजत नाही हे दाखवलं. जो धातू जास्त 'उतावळा', तो स्वतः विरघळून दुसऱ्याला वाचवतो. गंमत अशी की नौदलाला ते फळलं नाही. तांबं झिजेना, त्यामुळे त्यातलं विष पाण्यात उतरेना, त्यामुळे जहाजाच्या पोटावर शेवाळं आणि शिंपले वाढले आणि जहाजं सुस्त झाली. प्रयोग यशस्वी, योजना रद्द. बँकेत अशी परिपत्रकं मी पुष्कळ पाहिली. पुढे १८३७ मध्ये सोरेल या फ्रेंच अभियंत्याने लोखंडाला वितळलेल्या जस्ताचा लेप देण्याचं पेटंट घेतलं, आणि आपण ज्याला गॅल्व्हनाइज म्हणतो ते पत्रे आले.

जस्ताचं हे काम आणि आपली कल्हई यांत फरक आहे, तो मला फार उशिरा कळला. कल्हई म्हणजे कथील. कथील झाकण घालतं, एवढंच. लोखंडावर कथिलाचा लेप असेल, जसा डालड्याच्या डब्याला असे, तर लेप अखंड असेपर्यंत ठीक. एक ओरखडा पडला की तिथे लोखंड उघडं पडतं आणि कथिलाच्या शेजारामुळे उलट जास्त वेगाने गंजतं. जस्ताला ओरखडा पडला तर आजूबाजूचं जस्त आपला जीव देऊन तो भाग सांभाळतं.

आता माझा पराक्रम.

बाबा १९९८ मध्ये गेले. गाडी मांगरात, ताडपत्रीखाली. मी तेव्हा बदलीवर. तेल लावणारं कोणी नव्हतं. २०१० मध्ये निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा पुढच्या दाराखालचा पत्रा पापडासारखा मोडत होता. मी ठरवलं, गाडी नवी करायची. ग्रॅच्युइटीतली थोडी रक्कम बाजूला काढली. पत्राकाम, लांबी, रंग, सगळं पणजीजवळ एका गॅरेजमध्ये झालं. नट-बोल्ट मात्र मी स्वतः बदलायचे ठरवले. जुने बोल्ट काळपट, राखाडी, तेलकट. ते मला गंजके वाटले. एका गोणीत भरून भंगारवाल्याला दिले, किलोच्या भावाने. साधारण चार किलो भरले. आज त्यातला एक एक शोधायला मी किती फोन केले असतील!

त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे घातले. कधी गंजायचे नाहीत, म्हटलं. पहिल्याच पावसाळ्यानंतर इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर, बरोबर बोल्टच्या डोक्याभोवती, पांढरी भुकटी. या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आणि पाण्याच्या नळीचं कोपरही तसंच. स्टेनलेस बोल्ट चकचकीत राहिला आणि त्याचा शेजारी खाल्ला गेला. कोपराचे आटे तर पिठासारखे हातात आले. 'अलार्म' जहाजाची गोष्ट मी माझ्या अंगणात, स्वतःच्या पैशाने, पुन्हा करून पाहिली होती. तीही चाळीस वर्षांपूर्वी जस्ताच्या वड्या डोळ्यांनी पाहून.

मग दुसऱ्या टोकाला गेलो. स्टेनलेस नको, तर सगळ्यात मजबूत घेऊ. डोक्यात षटकोनी खाच असलेले काळे बोल्ट, वर '१२.९' असा छाप. त्यातला पहिला आकडा ताकदीचा: दर चौरस मिलिमीटरला जवळपास १२२ किलोचा ताण सोसेल इतकी. मूळ बोल्ट आजच्या हिशेबात ८.८ च्या तोडीचे असावेत, म्हणजे ८० किलोंच्या आसपास. दीडपट मजबूत म्हणजे दीडपट चांगला, हा माझा बँकेतला हिशेब. पण काळा रंग गोव्यात महिनाभर टिकत नाही. म्हणून मी ते बोल्ट बेळगावला नेले. तिथे बदलीच्या काळात चार वर्षं काढलेली, ओळखी होत्या. फौंड्रीचं गाव, उद्यमबागेत प्लेटिंगची कामं चालतात. एका ठिकाणी जस्ताचं प्लेटिंग आणि वर पिवळा थर देऊन घेतला. सोन्यासारखे दिसत होते. त्या माणसाने विचारलं होतं, माल कसला आहे? मी म्हटलं, साधे बोल्ट. १२.९ हा आकडा सांगायला हवा हे मला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे दोष त्याचा नाही.

तेच बोल्ट मी स्टिअरिंगच्या पेटीला लावले, मन लावून आवळले, आणि तिसऱ्या रात्री 'टक्' झालं.

मेस्त तेव्हा ऐंशीच्या पुढे, दृष्टी गेलेली. मी ते डोकं त्याच्या हातात दिलं. त्याने तुटलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. म्हणाला, हा ओढला गेला नाही, हा फुटला. ओढून तुटलेला बोल्ट मानेत बारीक होतो, हा काचेसारखा सरळ. मग विचारलं, अ‍ॅसिडात घातला होता का?

१८७५ मध्ये मँचेस्टरच्या विल्यम जॉन्सनने रॉयल सोसायटीला हेच कळवलं होतं. लोखंडाची किंवा पोलादाची तार काही मिनिटं आम्लात ठेवली की ती ठिसूळ होते. तोडून तुटलेली बाजू ओली केली तर त्यातून बुडबुडे निघतात, पाणी उकळत असल्यासारखे. ते बुडबुडे हायड्रोजनचे. प्लेटिंगच्या आधी बोल्ट आम्लात धुतात आणि प्लेटिंग करताना वीज सोडतात, दोन्ही वेळा हायड्रोजन तयार होतो. सगळ्या अणूंत लहान अणू, तो पोलादाच्या पोटात शिरतो. वर जस्ताचं झाकण बसतं, बाहेर पडायची वाट बंद. बोल्ट आवळला की ताण जिथे सगळ्यात जास्त, म्हणजे डोक्याखालच्या कोपऱ्यात, तिथे तो हळूहळू गोळा होतो. पोलाद जितकं कठीण तितकं ते याला भितं. ८.८ चा बोल्ट हे सहन करतो, १२.९ चा करत नाही. म्हणून तो आवळताना तुटत नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी, कोणी जवळ नसताना तुटतो. उपाय आहे. प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत सुमारे २०० अंशांवर किमान चार तास भाजायचे, म्हणजे वायू निघून जातो. पण इतक्या कठीण बोल्टांना विजेचं प्लेटिंग करूच नये असंच जाणकार सांगतात. मी जास्तीत जास्त मजबूत आणि जास्तीत जास्त चमकणारं निवडलं होतं, आणि त्या दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं.

तो पिवळा थरही साधा नव्हे. त्यात पूर्वी सहा संयुजेचं क्रोमियम असायचं, कर्करोगकारक. युरोपने २००० साली गाड्यांसाठी केलेल्या नियमांनी ते हद्दपार केलं. त्याआधी चांगल्या गाड्यांचे आणि विमानांचे बोल्ट कॅडमियमचे असत. खाऱ्या हवेत आणि अ‍ॅल्युमिनियमच्या शेजारात त्याच्याइतकं गुणी काही नाही, पण विष. जपानात जिंझू नदीकाठच्या लोकांची हाडं खाणीतून आलेल्या कॅडमियमने ठिसूळ झाली, सरकारने ते १९६८ मध्ये मान्य केलं. तेव्हा जुन्या गाडीवर मूळचाच लेप हवा असा हट्ट धरणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पुढच्या मे महिन्यात मांगर साफ करताना माळ्यावर डालड्याचा पाच किलोचा डबा सापडला. कथील कधीच गेलेलं, डब्याला बोटं जातील अशी भोकं, उचलताना बूड खाली राहिलं. आत मेणकागदात गुंडाळलेल्या पुरचुंड्या, सगळ्या मेस्ताच्या त्या मलमात बुडवलेल्या. प्रत्येक पुरचुंडीला दोऱ्याने चिठ्ठी, बाबांचं अक्षर, मोडी वळणाचं: 'मागचा बंपर', 'दार डावे', 'रेडिएटर'. कागद सोलला तर आत बोल्ट. काळपट राखाडी, आटे धारदार, गंज नावालाही नाही. मेस्ताने कधीतरी बदललेले, बाबांनी टाकून न दिलेले. एकोणीस होते. स्टिअरिंगचे त्यात नव्हते.

तो काळपटपणा म्हणजे घाण नव्हतीच. तो फॉस्फेटचा थर. १९०६ मध्ये कॉस्लेट या इंग्रजाने लोखंड फॉस्फरिक आम्लात उकळून त्यावर असा थर आणायचं पेटंट घेतलं. १९१५ मध्ये अमेरिकेत पार्करच्या कंपनीने त्याचा मोठा धंदा केला. हा थर एकटा फारसं काही करत नाही. तो टीपकागदासारखा आहे, तेल धरून ठेवतो. तेल असेपर्यंत बोल्ट जगतो. तेल दरवर्षी द्यावं लागतं. म्हणजे मी ज्या तेलकट, मळक्या बोल्टांना भंगारात काढलं ते आपलं काम चोख करत होते, आणि बाबांच्या वहीतली ती दरवर्षीची ओळ त्या कामाचा भाग होती.

स्टिअरिंगला आता ८.८ चे, फॉस्फेट केलेले बोल्ट आहेत. स्टेनलेस सगळे काढले. एक-दोन ठिकाणी ठेवावे लागले, तिथे मध्ये नायलॉनचं वायसर आणि जस्ताच्या भुकटीचं मलम. बारीकसा गंज असलेल्या ब्रॅकेटला मी हिरड्याचा काढा लावून पाहिला. आपल्या जुन्या लोकांची शाई हिरडा आणि हिराकसातून व्हायची, तीच क्रिया: हिरड्यातलं टॅनिन गंजाला धरून निळसर काळं करतं. विकत मिळणारी पुष्कळ 'गंज बदलणारी' औषधं याच जातीची. पण वरून रंग किंवा मेण हवंच. निळ्या-पिवळ्या डब्यातल्या त्या प्रसिद्ध फवाऱ्याबद्दल जावयाशी माझा वाद होतो. १९५३ मध्ये अमेरिकेत क्षेपणास्त्रावरचं पाणी हटवायला केलेला, चाळिसावा प्रयोग जमला म्हणून नावात ४०. अडकलेला नट सोडवायला छान. पण त्याचा बराचसा भाग उडून जातो, मागे राहतो तो पातळ थर. गोव्याच्या जुलैत त्याच्या भरवशावर राहू नये.

आट्यांत आणि तळाला मी लोकरीच्या चरबीचं, लॅनोलिनचं, मेण मिसळलेलं मलम लावतो. बेळगावच्या बाजारात धनगरी घोंगडी हातात घेतलीत तर बोटांना जो किंचित चिकटपणा लागतो तो हाच. पाऊस घोंगडीवरून घसरतो तो याच्यामुळे. ते वाळून भेगाळत नाही, ओरखडा पडला तर थोडं सरकून भरून येतं.

मेस्त २०१६ मध्ये गेला. त्या वर्षीपासून मे महिन्याच्या रविवारी मी आणि नात, दोघंच असतो. ती सुट्टीत येते. बादल्यांनी तळ धुणं तिचं काम, चिठ्ठ्या लिहिणंही तिचं. बाबांच्या वहीत १९९६ नंतरची पानं कोरी होती, मी तिथूनच पुढे लिहायला घेतलंय. यंदाची नोंद: 'गाडी तेलपाणी, स्वतः. मलम दोन डबे, कोपराचा एक बोल्ट बदलला.' ते तुटकं डोकं सोप्यावरच्या खिडकीत आहे. जस्त अजून पिवळं चकाकतं, तुटलेली बाजू मात्र पहिल्या पावसातच तांबडी झाली.